अप्पांच्या मणक्यातली लाल जागा

मी पायाळू आहे. जन्मताना डोकं आधी यायचं सोडून माझे पाय आधी आले. अव्वाचे, म्हणजे माझ्या आईचे, त्या बाळंतपणात लई हाल झाले आणि ती ते अजून काढते. "पोटातनंच उलटी आलीस, आता काय सरळ वागणार हायस!" हे मी कळायला लागल्यापासून ऐकत आले. आमच्या लातूरकडं पायाळू माणसाच्या मागं दोन गोष्टी लागतात. आभाळ गडगडलं की त्याला घरात कोंडतात, कारण वीज म्हणे पायाळूवरच पडते. आणि कुणाच्या कमरेत उसण भरली की तो त्याच्या दारात येतो. पोतं उचलताना, वाकताना कमरेत एकदम धरतं, ती उसण. आलेल्यानं ओसरीवर पालथं पडायचं, पायाळूनं डावा पाय तीनदा कमरेला लावायचा, झालं. उसण कशी जाते ते कुणी विचारत नाही, मीही कधी विचारलं नाही.

लातूरच्या बाजारात, गोलाईजवळ, अप्पांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, दुकान होतं. कासरे, दावी, मोरक्या, घुंगरमाळा, बैलांचं सगळं सामान. दुकानाच्या मागंच घर. मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, हमाल सकाळी सकाळी कमरेला हात लावून यायचे आणि मी शाळेच्या कपड्यात त्यांच्या पाठीला पाय लावायची. कुणी शेंगा द्यायचं, कुणी लिमलेटच्या गोळ्या. अप्पांची तर काय ऐट! गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "आमच्या घरात डागदरीण हाय, एमबीबीएस न शिकलेली." त्यांचीही कंबर दिवसभर गादीवर बसून धरायची. मग दुकान बंद केलं की हाक, "बाई, ये गं, लाव जरा पाय." पाय लावून झाला की मी लगेच त्यांच्या पाया पडायची, कारण बापाला पाय लागणं म्हणजे पाप. ते डोक्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "गेली बघ." दर वेळी हेच दोन शब्द.

पुढं मी शिकले, लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीमुळं नांदेडला आले आणि इथल्या एका स्कॅन सेंटरमध्ये सीटी मशीनवर टेक्निशियन म्हणून लागले. म्हणजे पुन्हा तेच, लोकांच्या पाठी. फक्त आता पाय न लावता फोटो काढायचा. मुखेडकडनं, हिमायतनगरकडनं लोक पहाटेच्या एसटीनं यायचे, टेबलावर निजायचे आणि विचारायचे, "बाई, दुखत न्हाई ना ह्याच्यात?" मी म्हणायची, "तुमचं दुखणं तुम्ही घेऊन आलात, आमच्याकडं नवीन मिळत नाही." माझं तोंड असंच आहे. सेंटरचे डॉक्टर मला ह्यावरून बोलायचे, पण पेशंट हसायचे आणि हसलेला माणूस हलत नाही, फोटो चांगला येतो.

मशीनबरोबर आलेला प्रोग्राम त्या मशीनपुरताच. त्यात काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही, बटण दाबायचं आणि तो देईल ते घ्यायचं. मला असल्या गोष्टींचा राग येतो. एका प्रशिक्षणात कळलं की हाडांची मोडतोड मोजणारं एक सॉफ्टवेअर कुणालाही फुकट घेता येतं. ते लिहिणाऱ्यांनी आतलं सगळं उघडं ठेवलंय. कुणीही वाचावं, चुका काढाव्यात, सुधारावं. मी ते घरच्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं. स्कॅन टाकला की ते पाठीचा कणा मणक्या-मणक्यांत वेगळा करतं. धड हाड पांढरं दाखवतं, आणि जिथं हाड खाल्लं गेलंय, पोकळ झालंय, तिथं लाल. किती लाल, हे प्रत्येक मणक्याखाली लिहून येतं. उघडताना मात्र प्रत्येक वेळी एक इशारा येतो, की हे अभ्यासासाठी आहे, ह्याच्या भरवशावर उपचार करू नका. मी तो न वाचताच 'ठीक आहे' दाबायची. माझा तो छंद होता. सेंटरवरचे जुने, नाव काढलेले स्कॅन घेऊन मी रविवारी बसायची आणि नवरा म्हणायचा, "लोक टीव्ही बघतात, ही बाई कंबरडी बघते."

त्या उन्हाळ्यात मी लातूरला गेले तर अप्पा खाटेवर. दुकान दादा, माझा थोरला भाऊ, बघत होता. अप्पा म्हणाले, "बरं झालं आलीस. लई दुखायलंय गं. कुणाच्यानं जात न्हाई, तूच लाव पाय." मी हातपाय धुऊन आले. ते पालथे व्हायला लागले आणि मी बघत राहिले. माणूस कुशीवर वळताना कसा वळतो, हे मी रोज टेबलावर बघते. अप्पा वळत नव्हते, ते स्वतःला तुकड्या-तुकड्यानं सरकवत होते आणि दात आवळत होते. मी पाय उचललाच होता, तो खाली ठेवला.

"अप्पा, आधी फोटो काढू."

"फोटू कामून? तू हायस की."

"नांदेडला चला माझ्याबरोबर."

"नांदेडला? लातुरात काय मशिनी न्हाईत? सगळी दुनिया लातूरला येतीय आणि मी नांदेडला जाऊ व्हय?" असं बरंच भांडले. शेवटी लेकीच्या घरी चार दिवस राहायचं म्हणून आले.

त्यांचा स्कॅन मीच काढला. काचेच्या अलीकडून मी माईकवर म्हणाले, "श्वास रोखा," आणि अप्पांनी शहाण्यासारखा रोखला. पडद्यावर चित्र उमटायला लागलं तेव्हा मला खरं तर पुढचं काही बघायची गरज नव्हती. हजारो कंबरडी बघितलीत मी. तरी सोडा म्हणायला विसरले आणि ते बिचारे श्वास धरून पडून राहिले. शेवटी आतूनच ओरडले, "अगं बाई, मारतीस का आता?"

डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं. पुढं रक्ताच्या तपासण्या झाल्या, लातूरच्या मोठ्या डॉक्टरांकडं झालं, तेच निघालं. हाडाच्या मगजातला कॅन्सर. हाडं आतून पोखरत चालली होती आणि मूत्रपिंडंही थकली होती. कमरेच्या वरचा एक मणका निम्म्याहून जास्त गेलेला. "त्यांना झटका बसू देऊ नका. तो मणका बसला तर पाय जातील," डॉक्टर म्हणाले. मी नांदेडला घरी येऊन तोच स्कॅन माझ्या त्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला. कशाला टाकला? मला वाटलं डॉक्टर चुकले असतील. इशारा आला, 'ठीक आहे' दाबलं, आणि अप्पांचा कणा पांढरा-लाल होऊन समोर उभा राहिला. तो मणका जवळजवळ सगळाच लाल होता. मी लॅपटॉप मिटला आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

लातूरला आम्ही तिघं बसलो. मी, दादा आणि अव्वा. अव्वानं फर्मान काढलं, "त्यांना सांगायचं न्हाई. ऐकून खचतील. हाडं झिजली म्हणायचं, म्हातारपण म्हणायचं." दादा म्हणाला, "हाव, तसंच." मी भांडले. म्हटलं, त्यांची हाडं, त्यांना नको कळायला? अव्वा म्हणाली, "तुझं शिक्षण तुझ्यापाशी ठेव. माझा नवरा हाय." आता ह्याच्यावर काय बोलणार! औषधाच्या बाटल्यांवरचे कागद दादा सोलून काढायचा आणि तपासणीला नेताना "ताकदीचं इंजेक्शन" म्हणायचा. अप्पांना पट्टा बांधला, त्यालाही "झिजेचा पट्टा" म्हटलं.

आणि अप्पा माझी वाट बघत राहिले. मी दर सुट्टीला जायची आणि ते दर वेळी म्हणायचे, "लाव की गं." मी काही ना काही सांगायची. आज सोमवार आहे, आज माझा पाय मुरगळलाय, डॉक्टरनं पट्टा सोडू नका म्हटलंय. एकदा ते रागानं म्हणाले, "मोंढ्यातल्या हमालांच्या पाठीला तुझा पाय चालायचा. बापाच्या पाठीची लाज वाटाया लागली व्हय?" मी म्हणाले, "तसं नाही अप्पा." "मग कसं हाय?" अव्वा दारात उभी होती, तिनं डोळे वटारले. अप्पांनी तोंड भिंतीकडं केलं. पुढं शेजारपाजारच्यांना सांगायला लागले, की पोरगी शिकली, पगार आला, आता पाय लावायला कमीपणा वाटतो तिला. हे मला शेजारच्या काकूंनी फोन करून कळवलं, वर म्हणाल्या, "असं करू नये गं बाई, म्हातारं माणूस हाय." त्या दिवशी मी काकूंना काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग ती दुपार. सेंटरवर दोन पेशंटांच्या मधे अव्वाचा फोन आला. आवाज आनंदी. "काळजी करू नको. आज तुझ्या अप्पांची कंबर मोकळी होतीय बघ. ती भाजीची, माळव्याची टोपली घेऊन येती ना बाई, ती बी पायाळू हाय म्हणं. आत्ता आणलीय दादानं. लई गुण हाय तिच्या पायाला, टाचेनं अशी हाणती की..."

मला आधी समजेचना. अव्वाला आजार माहीत होता. झटका बसू द्यायचा नाही, हे तिला डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. ती अप्पांना तांब्यासुद्धा उचलू देत नव्हती. पण पायाळूचा पाय तिच्या हिशेबी झटक्यात येतच नव्हता. झटका वेगळा, पाय लावणं वेगळं. ते तर चांगलं काम. दादालाही तसंच वाटलं. आणि मी तरी त्यांना कधी सांगितलं होतं? मी पाय का लावत नाही ते तिला कळलंय, असं मी धरून चालले होते. ती धरून चालली होती, की पोरीला खरंच लाज वाटते.

मी ओरडले. सेंटरच्या पॅसेजमध्ये, लोकांसमोर. "अव्वा, थांबव! स्पीकर लाव! दादा! पाय लावू देऊ नका! त्यांचा मणका आतनं पोकळ झालाय, कॅन्सरनं खाल्लाय, लाथ बसली तर मोडंल! दोन्ही पाय जातील त्यांचे! ऐकू येतंय का, थांबवा तिला!"

पलीकडं काही पडल्याचा आवाज आला. तो टोपलीचा होता, हे मला नंतर कळलं. दादा "थांबा, थांबा बाई" म्हणत होता. अप्पा ओसरीवर पालथे पडलेले होते आणि अव्वानं स्पीकर लावलेला फोन त्यांच्या डोक्यापाशी होता, हेही मला नंतरच कळलं. तेव्हा फक्त त्यांचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा.

"कुणाचा मणका म्हणालीस?"

मी फोन कानाला लावून उभी राहिले. दारातून दिसणाऱ्या टेबलावर पुढचा पेशंट चढून बसला होता आणि माझ्याकडं बघत होता. मी म्हणाले, "तुमचा, अप्पा."

"बरं," ते म्हणाले. आणि दादाला म्हणाले, "मला उठीव."

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन एसटीत बसले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर आलं, आणि मी मनात वाक्यं जुळवत होते. एकही जुळलं नाही. घरात पाऊल टाकलं तर अव्वा चुलीपाशी तोंड फिरवून बसलेली, दादा दुकानात. अप्पा पट्टा बांधून खाटेवर टेकून बसलेले. मी पाया पडायला वाकले तर म्हणाले, "ते राहू दे. दाखीव."

"काय?"

"काल सांगितलंस ते. माझं हाय ना, मला दाखीव."

मी लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात ठेवला. सॉफ्टवेअर उघडलं आणि तो इशारा आला. अप्पांना इंग्रजी येत नव्हतं. "हे काय म्हणतंय?"

"म्हणतंय, माझ्या भरवशावर औषधपाणी करू नका."

"प्रामाणिक हाय की," अप्पा म्हणाले. "औषध विकणारे असं कधी म्हणत न्हाईत." आणि हसले. त्या हसण्यानं मला एवढं भरून आलं की 'ठीक आहे' दाबताना माझं बोट दोनदा चुकलं.

मग त्यांचा कणा आला. मी तो हळूहळू फिरवून दाखवला. ते चष्मा पुढं ओढून बघत राहिले. "हा मी?" "हो." "बरगड्या कुठं गेल्या?" "त्या काढून ठेवल्यात, नीट दिसावं म्हणून." "आणि हे लाल?"

"तिथं हाड उरलं नाही, अप्पा."

त्यांनी पडद्यावरच्या त्या लाल मणक्यावर बोट ठेवलं आणि दुसरा हात मागं नेऊन स्वतःची कंबर चाचपली. मग विचारलं, हे घेतलंस केवढ्याला. मी सांगितलं, फुकट आहे. ते चमकले. दुकानदार माणूस!

"फुकट? मग बनवणारा खातो काय?"

"बनवणारे लई जण आहेत. कुणी विद्यापीठात असतं, कुणी नोकरी करून फावल्या वेळात लिहितं. त्यांनी ते सगळ्यांसाठी ठेवलंय. नुसतं वापरायलाच नाही, आत काय आहे तेही बघता येतं. काही लपवलेलं नाही."

अप्पांनी लॅपटॉपवरनं नजर काढून माझ्याकडं बघितलं. तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कोण कुठले लोक, तोंड न बघितलेले. त्यांनी आपलं सगळं उघडं ठेवलं. आणि तुम्ही माझ्या घरात बसून माझंच मला झाकून ठेवलंत."

चुलीपाशी अव्वानं पदर तोंडात धरला. मी फक्त म्हणाले, "चुकलं, अप्पा." ते म्हणाले, "तुझा पाय का येत न्हाई ह्याचा मी रोज विचार करायचो गं. मला वाटायचं, पोरगी तुटली आपल्यापासनं. त्या हाडापेक्षा ते जास्त दुखायचं." असं म्हणून त्यांनी पंच्यानं नाक पुसलं आणि अव्वाला हाक मारली, "चहा टाक. रडून काय हुतंय."

चहा पिता पिता त्यांना त्या सॉफ्टवेअरची गोडी लागली. त्यात एक पट्टी आहे, ती सरकवली की किती पातळ हाडाला 'गेलं' म्हणायचं ते ठरतं. मी ती नीट लावत होते, तर मणक्यातला लाल रंग एकदम कमी झाला. अप्पांनी माझा हात धरला. "कमी झालं! कमी करता येतं?"

"चित्रात येतं, अप्पा."

खरं सांगायचं तर ती पट्टी मी नांदेडला एकटी बसून कितीदा तरी सरकवली होती. सगळा कणा पांढरा होईस्तोवर सरकवायची आणि नुसती बघत बसायची. मग परत जागेवर आणायची. हे मी त्यांना सांगितलं नाही, पण त्यांना कळलं असावं. ते म्हणाले, "ठेव जागेवर. काट्यात खोट केली म्हणून पोत्यातला माल वाढत न्हाई, बाई."

ते बनवणारे लोक स्कॅनही मागतात, हे मी सहज सांगितलं. जितके जास्त स्कॅन, तितकं सॉफ्टवेअर हुशार होतं. फक्त माणसाचं नाव, गाव काढून पाठवायचं. अप्पा लगेच म्हणाले, "मग माझं दे की. फुकट घेतलंस ना? वापस काय दिलंस?"

"नाव काढावं लागतं, अप्पा."

"काढ. हाडाला नाव कुठं असतंय?" आणि मला चिडवावं तशा सुरात म्हणाले, "माझी काळजी वेगळीच हाय. आपल्यात मेलेल्या माणसाला आडवं नेत न्हाईत, बसवून पुरतात. मला मांडी घालून बसवतील तेव्हा हे टिकंल का? का मी स्वामींसमोर मोडून पडीन?" अव्वा ओरडली, "शुभ बोला हो!" मीही चिडले. अप्पा मात्र त्या लाल मणक्याकडंच बघत होते. ते चेष्टा करत नव्हते.

नांदेडला परतल्यावर मी त्यांच्या स्कॅनमधलं नाव काढलं. सोपं असतं ते, एक रकाना रिकामा करायचा. माझ्या कामात मी शेकडो नावं अशी काढली आहेत. ह्या वेळी रिकामा झालेला रकाना बघवेना, म्हणून डोळे मिटून पाठवायचं बटण दाबलं.

त्यानंतर अप्पांना लाइट दिली, म्हणजे रेडिएशन, आमच्याकडं त्याला लाइटच म्हणतात. दुखणं थोडं उतरलं, मग पुन्हा चढलं. औषधाच्या बाटल्यांवरचे कागद आता कुणी सोलत नव्हतं. अप्पा स्वतः डॉक्टरांना विचारायचे, आता लाल कुठवर आलं? पुढच्या स्कॅनमध्ये ते बाजूच्या मणक्यांत आणि खुब्यात उतरलेलं दिसलं. तेही मी त्यांना दाखवलं. त्यांनी बघितलं आणि "मिट आता" म्हणाले. नंतर कधी बघायला मागितलं नाही. मूत्रपिंडांमुळं अंग सुजायला लागलं, जेवण सुटलं, आणि मी रजा टाकून लातूरला येऊन राहिले.

एका सकाळी मी त्यांचं अंग पुसत होते. ते कुशीवर होते, पाठ माझ्याकडं. पाठ कसली, नुसती कातडी राहिली होती. ते म्हणाले, "बाई, आता लाव."

"अप्पा..."

"मला माहीत हाय सगळं. दाब देऊ नको. नुसता टेकीव. तुझा पाय लागून वर्षाच्या वर झालं."

अव्वा तिथंच होती. मी तिच्याकडं बघितलं. तिनं उठून तांब्याभर पाणी आणलं आणि माझ्या पायावर स्वतः घातलं. मी खिडकीचा गज धरला, सगळा भार उजव्या पायावर घेतला आणि डावा पाय त्यांच्या कमरेला टेकवला. ती जागा मला बघावी लागली नाही. टाच नाही, नुसता तळवा, आणि तोही असा की त्यांच्या अंगावरचा पंचासुद्धा दबला नसेल. तीनदा टेकवला. त्यांचं अंग गरम होतं. मला वाटत होतं, देवा, एवढंच करू दे, आत्ता तोल जाऊ देऊ नको.

मग मी खाली बसून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांचा हात माझ्या डोक्यापर्यंत पोचत नव्हता. अव्वानं तो धरून माझ्या केसांवर ठेवला.

"गेली बघ," अप्पा म्हणाले.

नऊ महिने आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांच्याशी खोटं बोललो होतो, आणि ते मात्र जाताना एकच खोटं बोलले, तेही माझ्यासाठी. मी त्यांचे पाय धरून मोठ्यानं रडले. ते म्हणाले, "अगं, गेली म्हणतोय की!"

त्याच आठवड्यात ते गेले. घर माणसांनी भरलं. स्वामी, म्हणजे आमचे पुरोहित, आले, आंघोळ घातली, कपाळाला, दंडाला, छातीला भस्म लावलं. मग भावकीतले चौघं पुढं झाले, त्यांना भिंतीशी मांडी घालून बसवायला. दोघांनी बगलेत हात घातले, दोघांनी पाय दुमडले, आणि बगलेतल्या एकानं वरनं ओढलं.

"हळू!" मी ओरडले. "अरे हळू! कमरेला धरा, मणका मोडंल त्यांचा!"

सगळे थांबले. भजन म्हणणारे थांबले. कुणीतरी बाई माझ्या खांद्याला धरून म्हणाली, "अगं माय, आता काय मोडायचं राहिलंय?" कुणी कुणी मान हलवली, की पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. मला त्यांचं बोलणं कळत होतं. मी कंबरडी बघणारी बाई आहे, मला कळत नाही होय? पण माझा हात खाली येत नव्हता.

दादा उठला. त्यानं त्या चौघांना बाजूला सारलं, अप्पांच्या मागं गुडघ्यावर बसला आणि मला विचारलं, "कुठं धरू?"

मी पुढं गेले. त्याचा तळहात घेतला आणि अप्पांच्या पाठीवर बरोबर त्या जागी ठेवला. त्याच्या हातावर माझा हात ठेवला, आणि आम्ही दोघांनी अप्पांना हळूहळू सरळ बसवलं.